टाकी भरली होती, पण गॅस पेटत नव्हता

विश्रामबाग, सांगली
बुधवार

प्रिय लालादादा,

‘प्रिय’ सवयीनं लिहिलं गेलं, आता खोडत नाही. फोन मुद्दाम केला नाही. फोनवर तू ‘हां, बोल बोल’ म्हणत दुसऱ्याशीच बोलत असतोस आणि माझा आवाज चढला की ‘शांत झालीस की कर’ म्हणून ठेवून देतोस. मी शांत झालेली नाही. इतक्यात होणारही नाही. तेव्हा हे पत्र बसून, शेवटपर्यंत वाच.

गेल्या शनिवारी आईची तिकडं राहिलेली लुगडी आणि चष्मा न्यायला फलटणला मळ्यावर आले होते. तू बाहेर गेला होतास. वहिनीनं सिलिंडरवर चहा केला. मी गोठ्यामागं गोबरगॅसकडं गेले तर टाकीचं लोखंडी झाकण चांगलं वर आलेलं, म्हणजे आत गॅस भरलेला. शेगडी लावून बघितली. सहा काड्या ओढल्या, एकीनंही गॅस धरला नाही. मग वास आला. शेणाचा नव्हे, आंबूस, नासलेल्या ताकासारखा. वीस वर्षांच्या सवयीनं बाटलीत शेणकाला भरून घेतला आणि दुसऱ्या दिवशी कॉलेजच्या प्रयोगशाळेत तपासला. आम्लता मोजायची पट्टी सातच्या आसपास यायला हवी. ती साडेपाचला आली.

लग्नाकार्यात तू माझी ओळख ‘आमची संयू, शेणावर पीएचडी’ अशी करून देतोस आणि पाहुणे हसतात. मीही हसत आले. आज जरा ऐकून घे, कारण तुझ्या हसण्यातच सगळं बुडालंय. मी ज्यांचा अभ्यास करते ते आर्किया. दिसायला जिवाणूंसारखे, पण त्यांचं घराणंच वेगळं आणि फार जुनं. उकळत्या झऱ्यात ते असतात, समुद्राच्या तळाशी असतात. इकडं सांगलीच्या बाजूला पाणी पाजून पाजून मिठानं पांढऱ्या पडलेल्या रानांत, जिथं गवताची काडी उगवत नाही, तिथंही मला ते सापडलेत. तू उसाला युरिया टाकतोस, त्याच्या अमोनियातून पुढं पिकाला नायट्रेट मिळतं. त्या कामाची पहिली पायरी मातीतले काही आर्किया करतात. तुझ्या तांबड्या गाईच्या पोटात आहेत, ओढ्याच्या काळ्या चिखलात आहेत. आणि आपल्या टाकीत जे होते, ते हवेशिवाय मिथेन तयार करायचे. त्याच मिथेनवर आईनं आपल्याला भाकऱ्या घातल्या. एम.एस्सी.ला असताना मी याच टाकीतला थेंब पहिल्यांदा सूक्ष्मदर्शकाखाली, खास दिव्यात बघितला होता. निळसर हिरवे ठिपके चमकत होते. सुट्टीत येऊन आईला सांगितलं तर म्हणाली, “मग त्यास्नी बी येळंवर खायला घालाय पायजे की.” या वेळी त्याच दिव्याखाली ठिपके शोधून शोधून डोळे दुखले. चार-दोन होते, बाकी सगळा अंधार.

असं कशानं होतं, ते मला चांगलं माहीत आहे. एकदम गोड काही टाकीत पडलं की आम्ल करणारे जिवाणू धडाधडा वाढतात. आपले आर्किया संथ. त्यांना ते आम्ल वेळेत संपवता येत नाही आणि त्यातच ते गारद होतात. टाकी फुगते, पण आत निम्म्याहून जास्त कार्बन डायऑक्साइड असतो, तो पेटणार कसा? म्हणून शनिवारी वास आल्यावर लगेच मी शेजारच्या कोंडीबांकडं गेले होते, त्यांच्या गुऱ्हाळावर. टाकीत कुणी काही टाकलं का विचारलं. ते म्हणाले, “दादांनीच की. लेकीच्या, शिवांजलीच्या साखरपुड्याला लय पावणं येणार, गॅस कमी पडंल म्हणून मळीचं चार कॅन न्हेलं. म्या म्हनलं, आवं वाईच दमानं घाला. पर त्यांनी एकदमच वतलं.”

चार कॅन, दादा. उसाच्या रसाची मळी. आणि ते तू साफ विसरलास.

तू विसरलास आणि वेडी आई ठरली. ती तुला सांगत होती, “टाकी भरलीय, पर पेटत न्हाई.” तुला ते भ्रमिष्टासारखं वाटलं. ती म्हणाली आंबूस वास येतोय, तर तू म्हणालास आता हिला वासाचेही भास व्हायला लागले. मग एका दुपारी शेगडीचं बटण चालू आणि ती पुढ्यात जळक्या काड्यांचा ढीग घेऊन बसलेली दिसली, तेव्हा तू चार माणसांत ओरडलास की म्हातारीला शेगडी लावायचं भान राहिलं नाही, टाकीत शेण घालायलाही विसरते, म्हणून ती बंद पडली. दादा, गोठ्याच्या मागच्या भिंतीवर कोळशाच्या रेघा आहेत. तू कधी तिकडं बघितलंस? तू ओरडलास त्या दिवसापासून, तू तिला माझ्याकडं आणून सोडलंस त्या दिवसापर्यंत, शेण घातलं की रोज एक रेघ. मी कॅलेंडर लावून मोजल्या. एकही चुकलेली नाही.

आणि मी? मी या विषयाची प्राध्यापिका. ‘भरलीय पण पेटत नाही’ हे ऐकताच मला उमगायला हवं होतं. मी तुझं ऐकलं. तिला मेंदूच्या डॉक्टरांकडं नेलं. घरच्यांनी भरायच्या कागदावर ‘रोजची कामं विसरतात का’ यापुढं मी स्वतःच्या हातानं ‘हो’ लिहिलं. ती शेजारी बसून बघत होती. वाचता येतं तिला. तेव्हापासून ती सकाळी दात घासताना नातवंडांची नावं मोठ्यानं म्हणते, एखादं निसटलं तर नाही ना, हे बघायला. मी स्वयंपाकघरात उभी राहून ऐकते.

वहिनी म्हणाली, टाकी बंद पडली म्हणून तू गाई विकायला काढल्यास; येत्या रविवारी त्या न्यायला व्यापारी येणार आहे ना? त्याला नको म्हणून सांग, टाकीला पुढं शेण लागणार आहे. कोंडीबांच्या टाकीतला शेणकाला चार कॅन आणून आपल्या टाकीत स्वतः ओत. सोबत थोडी चुन्याची निवळी, आणि मी सांगेपर्यंत दुसरं काही घालू नकोस. दीड-दोन महिन्यांत पेटेल. मग इकडं ये आणि आईला घरी घेऊन जा. पण त्याआधी तिच्यासमोर बसून हे पत्र मोठ्यानं वाच. सगळं, माझ्या ‘हो’सकट. रविवारपासून रोज तिच्यापुढं बसते आणि माझ्या तोंडून ते निघत नाही, म्हणून तर लिहायला घेतलं. ती लगेच म्हणेल, “आसू दे रं बाळा.” तेवढ्यावर उठू नकोस. पुन्हा पहिल्यापासून वाच.

तुझीच,
संयू