नाक गेलं आणि आम्ही बाहेर जेवायला लागलो

८ नोव्हेंबर, शनिवार

आज वाचले. तोंडाने सांगवत नाही म्हणून लिहिते.

दूध गॅसवर ठेवून पुढच्या खोलीत मेथी निवडत बसले होते. दूध उतू गेलं, आच विझली, गॅस चालूच. मला पत्ता नाही. आषाढातल्या तापात नाक गेलं ते गेलंच. फुलाचा वास नाही, फोडणीचा नाही, जळलेल्याचा नाही. हे गॅरेजातून आले ते फाटकातूनच ओरडले, "सुनंदा, बाहेर ये! आधी बाहेर ये!" मी मेथीची जुडी घेऊन अंगणात.

हे सगळ्या खिडक्या उघडून आले आणि पायरीवर बसले. ट्रॅक्टरचं इंजिन उघडून बसवणारा माणूस, पण गॅसचं बटण दोनदा आत जाऊन तपासून आले. मग म्हणाले, "मी घरात नसताना गॅस पेटवायचा नाही."

"तुम्ही येता उशिरा, मग संध्याकाळी जेवायचं काय?"

"बाहेर."

हे म्हणाले. हे! लग्नाच्या पंगतीतून उठून घरी येऊन पुन्हा वरणभात मागणारा माणूस. तशातही मला हसू आलं.

१० नोव्हेंबर

पहिलं बाहेरचं जेवण. जळगावात इतकी वर्षं राहून बसस्टँडाजवळच्या त्या खानावळीत मी कधी पाऊल टाकलं नव्हतं. हे पाण्याचा पेला उजेडात धरून बघत होते. मी पदर घट्ट धरून, पाहुणी आल्यासारखी.

भाजी, वरण. जीभ सांगते खारट, तिखट, आंबट. त्याच्या मागे काही नाही. कोरं.

पण मग वाढणाऱ्याने तव्यावरून थेट माझ्या ताटात पोळी टाकली. फुगलेली. बोटाने टोचली तर वाफ तोंडावर आली. आणि मी थांबलेच. लग्नाला सत्तावीस वर्षं झाली, मी नेहमी शेवटची बसते. फुगलेली पोळी दुसऱ्याच्या ताटात टाकायची असते एवढंच मला माहीत. ती आपल्या ताटात अशी पडते, असा आवाज करते...

"काय झालं? वास आला?"

"नाही. गरम आहे."

यांना काय कळलं कोण जाणे. वाढणाऱ्याला म्हणाले, "यांना आणखी एक द्या. तव्यावरचीच."

१४ नोव्हें.

नाकाच्या डॉक्टरांकडे. तरुण आहेत, बोलायला चांगले. म्हणाले, वासाची नस दुखावली आहे. परत जुळेल. कदाचित नाहीही जुळणार. रोज वेगवेगळे वास हुंगत राहा, औषध म्हणून.

घरी येताना यांच्या डोक्यात चक्र सुरू. "घरचं सगळं तुला पाठ आहे. तू वरण हुंगलंस की वास आठवतो, मग आला की आठवला ते कळणार कसं? जे जन्मात खाल्लं नाही ते खायला पाहिजे. तिथे आला तर खरा आला."

मेकॅनिकचं डोकं. पण खोटं नाही.

१६ नोव्हें. रविवार

भुसावळ रोडवरचा ढाबा. शेवभाजी. ती काय मी खाल्ली नाही? पण यांना कुणीतरी सांगितलं, तिथली वेगळीच. ताटलीत लाल तर्री, बोटभर. पहिल्या घासाला डोळ्यांतून पाणी, कानात शिट्ट्या. वा. नाही. (वास नाही. रोज पूर्ण लिहायचा कंटाळा येतो.)

यांना तिखट सोसत नाही. तरी घास घेत होते, माझ्यासोबत. टक्कल घामाने चमकत होतं. "लोक असं खातात?" म्हणाले. "रोज?" आणि पुन्हा पाव बुडवला.

२५ नोव्हें.

गॅरेजात येणाऱ्या प्रत्येकाला विचारतात, तुम्ही कुठे जेवता. चोपड्याचे, बोदवडचे, ट्रकवाले, रिक्षावाले. कामावरून आले की हातपाय धुण्याआधी सांगतात. "स्टेशनमागे एक बाई फक्त खिचडी करते, तूर डाळीची, वर लसणाचं तेल." डोळे असे की खजिना सापडला.

गेलो. वा. नाही. खिचडी मऊ, तेल जिभेवरून रेशमासारखं. त्या बाईने माझ्याकडे बघून न विचारता पापड आणून ठेवला.

३० नोव्हें. रवि.

धुळ्याला. माझी मोठी बहीण, आक्का, तिथे असते. ती बाजारपेठेमागच्या एका घरगुती हॉटेलात घेऊन गेली, मांड्यांसाठी. मांडे घरी आईही करायची, भडगावला. पण आई करायची तेव्हा मी पाट, पुरण, तूप यांच्यामागे धावत असायचे. बघायला कधी मिळालं?

आज बसून बघितलं. चुलीवर खापर, म्हणजे पालथं घातलेलं मोठं मातीचं भांडं. बाईने पुरण भरलेला गोळा घेतला, थापला, मग दोन्ही हातांवर झेलायला लागली. या हातावरून त्या हातावर, मनगटावर, कोपरापर्यंत. तो मोठा होत गेला. फाटेल आता, आता फाटेल. नाही फाटला. एका क्षणी चुलीचा जाळ पलीकडून त्यातून दिसला, पिवळा, आणि तिच्या बांगड्यांची सावली. मग हलकेच खापरावर.

मी श्वास धरला होता. नाक गेल्यावर डोळ्यांनी असं दिसायला लागतं का? की आधीही दिसलं असतं, मी बघितलंच नाही?

आक्का म्हणाली, "खाय ना व, कसाले बघी ऱ्हायनी?"

वा. नाही. गोड. फक्त गोड. तरी दोन खाल्ले.

निघताना आक्का बोलली ते मात्र टोचलं. "तुन्हं बरं शे. चूल सुटनी, मजा शे." यांनीही ऐकलं. बसमध्ये मी खिडकीकडे तोंड करून. तिला काय माहीत वर्षाचा मसाला भाजताना कुठे थांबायचं ते नाकच सांगतं, आणि नाक नसलं की...

पण खोटं का लिहू? तिचं थोडं खरंही आहे.

९ डिसेंबर

वास आला. देवा, नको हा वास.

पोळीभाजीच्या हॉटेलात बसलो होतो. आतून कांद्याची फोडणी पडल्याचा आवाज झाला आणि एकदम नाकात काहीतरी घुसलं. जळलेलं रबर, गटार, सडकं, सगळं एकत्र. मी तोंड दाबून बाहेर पळाले. रस्त्यावर खांबाला धरून ओकले. लोक बघत होते. हे पाण्याची बाटली घेऊन मागे. "काय सडलंय तिथे?" मी विचारलं. यांनी आत जाऊन पाहिलं. काही नव्हतं. कांदा होता, ताजा.

११ डिसें.

कांदा, लसूण, चहा, साबण. सगळं तेच रबर. वास नव्हता ते बरं होतं. केळं आणि दही तेवढं खाता येतं. कुठेही जाणार नाही सांगितलं. यांनी आग्रह केला नाही. स्वतःही केळंच खाल्लं.

१३ डिसें.

डॉक्टर हसले! मला राग आला. म्हणाले, "अहो ताई, ही चांगली खूण आहे. नस जुळायला लागली, पण तारा चुकीच्या जोडल्या जात आहेत. बऱ्याच जणांचं असं होतं. हळूहळू सुधारतं. सगळंच सुधारेल असं वचन देत नाही."

"म्हणजे वायरिंग," हे म्हणाले.

"अगदी वायरिंग."

बाहेर आल्यावर यांनी जिलबी घेतली आणि दवाखान्यात बसलेल्या सगळ्यांना वाटली. अनोळखी माणसांना. "घरात आनंद आहे," म्हणाले. कसला ते सांगितलं नाही. लोकांनी मुलगा झाला समजून अभिनंदन केलं असावं. मला रडू आणि हसू.

४ जानेवारी, रविवार

उशीर झालाय, पण आजच लिहायला पाहिजे.

महिनाभर कुठे गेलो नव्हतो. यांनी म्हटलं, "आत बसायचं नाही. बाहेर उघड्यावर, वारा आहे. नाही जमलं तर परत." शहराबाहेर, शिवारात, थंडीचं भरीत करतात तिथे. पऱ्हाटीचा ढीग, कापूस वेचून झाल्यावरची वाळलेली झाडं. ती पेटवून जाळात हिरवी मोठाली वांगी. आजूबाजूला गाड्या, माणसं, पत्रावळी. बडगीत, म्हणजे उखळासारख्या लाकडी भांड्यात, वांगी ठेचल्याचा धप धप आवाज.

मी लांब उभी. मग वारा फिरला आणि धूर अंगावर आला. मी तोंडाला पदर लावला, रबर येणार म्हणून.

रबर नाही. धूर. नुसता, साधा, पऱ्हाटीचा धूर. कोरडा, जरासा गोडसर, लहानपणी बंब पेटवायचे तो. आणि त्याच्या आत, वांग्याची साल करपते तो वेगळा.

मी पदर खाली केला. जाळाजवळ एक बाई वांगी उलटत होती, हिराबाई, नाव नंतर कळलं. तिने माझ्याकडे बघितलं. "काय शे व बहीन? डोळामा धूर गया का?"

मी म्हटलं, "वास येतोय."

तिला काय वाटलं असेल! पण ती म्हणाली, "मंग अठे बस," आणि स्वतःची पाटी पालथी घालून दिली. मी जाळाशेजारी बसले. हे मागे उभे.

थोडा वेळ टिकला. मग विझल्यासारखा गेला. पण होता. आठवलेला नव्हता, आलेला होता. आकाशाकडे बघितलं तर धुराचा खांब सरळ वर गेलेला, आणि इतकी माणसं त्याच्याखाली जेवत होती, आपापसात बोलत, कुणालाच त्याचं काही नव्हतं.

भरीत कांद्याच्या पातीशिवाय मागितलं. कळण्याच्या, म्हणजे ज्वारी-उडदाच्या, भाकरीबरोबर. संपवलं.

१८ जाने.

परत काही नाही. रबरही कमी, वासही नाही. मधल्यामध्ये. आक्काचा फोन, "मन्हाकडे ये, मी करी घालसू तुले." स्वतः करून घालणार म्हणे. ३० नोव्हेंबरचं बोलणं ती विसरली असावी, किंवा विसरली नसावी म्हणूनच.

१ फेब्रुवारी, रवि.

यांना एका टायरवाल्याने सांगितलं, सिंधी लोकांचा नाश्ता. दाल पकवान. दोघांनीही जन्मात खाल्लं नव्हतं. छोटं दुकान, सकाळची गर्दी, उभ्यानेच खायचं. मोठी कुरकुरीत पुरी, पिवळी डाळ, वर दोन चटण्या.

पहिल्या घासात कुरकुर. दुसऱ्यात चिंच. तिसऱ्यात मी थांबले.

"काय?"

"थांबा." पुन्हा घास घेतला. आंबटाच्या मागे काहीतरी उभं होतं. कोऱ्यावर उमटावं तसं. "भाजलेलं जिरं. तपकिरी चटणीत."

हे घास तसाच हातात धरून माझ्याकडे बघत राहिले. मग गर्दीतून पुढे घुसले. "भाऊ, या चटणीत काय आहे?"

दुकानदार गल्ल्यावरून, "इमली है चाचा, गुड़ है..."

"आणखी?"

"भुना हुआ जीरा."

यांनी त्याचा हात धरला आणि हलवत राहिले. दुकानदार गोंधळला, मागे रांग खोळंबली. "चाचा, और चाहिए क्या?" हे म्हणाले, "नाही, नाही. झालं. पुष्कळ झालं." चष्मा काढून पुसला. मी पकवान खात उभी. मला वाटलं हे सगळं जग चटणीत असतं आणि आपण नुसतं गिळतो.

१५ फेब्रु.

मिळालं ते: धूर, जिरं, लिंबाची साल, पहाटेचं ओलं गवत. न मिळालेलं पुष्कळ. कांदा अजून घाण. डॉक्टर म्हणतात, इथेच थांबू शकतं. पुढेही जाऊ शकतं. वर्षाचा मसाला करायला घ्यायचा की नाही, विचारलं नाही त्यांना. ते त्यांना कसं सांगता येईल?

८ मार्च, रविवार

धुळे. आक्काकडे दुपार, मग पारोळा रोडला एक नवीन ठिकाण, यांनीच शोधलेलं. गर्दी, पंखे, ताटांचा आवाज. आक्का सोबत नव्हती, दोघंच. हे गॅरेजातून तसेच निघाले होते, सकाळी एक काम उरकून. शर्ट बदलायला वेळ नव्हता.

आमटीचं भांडं माझ्यापासून लांब होतं. हे अर्धे उठले आणि टेबलावरून वाकून मला वाढायला लागले. यांचा खांदा माझ्या तोंडाजवळ आला.

ग्रीस. खोबरेल. उन्हात वाळलेला सुती कपडा. आणि या सगळ्याखाली आणखी एक, त्याला मला नाव नाही.

हा वास मी ओळखत नाही. सत्तावीस वर्षं शेजारी असताना कधी हुंगून वेगळा काढलाच नाही, घरासारखा तो तिथेच होता. आता आला आहे, आणि बरोबर आहे की तारा चुकून जोडल्यात, हे सांगणारं माझ्याकडे काही नाही. यांना विचारून उपयोग नाही. कुणालाच नाही.

वाढून झालं. हे सरळ व्हायला लागले.

"अहो," मी म्हटलं, "जरा थांबा."

"का? काय झालं?"

"काही नाही. असेच वाकून राहा जरा."

आणि हे राहिले. हातात डाव, शेजारच्या टेबलावरचे लोक बघताहेत, मागून कुणीतरी जागा मागतंय, आणि हे टेबलावर वाकलेले, हलत नाहीत, मी डोळे मिटून तो वास घेतेय.