रांगेत आधी आवाज

५ जून २००६
पहिला दिवस मस्त गेला. आमचं रुग्णवाहिका मदत केंद्र हडपसरला आहे; लोकांचे फोन इथे इंटरनेटवरून येतात. त्याच तारेतून ईमेल आणि व्हिडिओही धावतात, म्हणून आधी कोणाला सोडायचं ते मी ठरवायचं. रांगेत आधी आवाज. उशिरा पोचलेले आवाजाचे तुकडे यंत्राने फेकून द्यायचे, हा नियमही आज मीच बसवला. शेजारी फोन घेणारी कादंबरी बसते. तिने अर्धा डबा माझ्यापुढे सरकवला. कोथरूडच्या घरमालकीण कुसुमताईंनी विचारलं, एवढं शिकून शेवटी ट्रॅफिक हवालदारच झालीस का.

१४ जून
केंद्रप्रमुख सलिल सरांची परदेशी पाहुण्यांबरोबर व्हिडिओ मीटिंग होती. चित्र अडकता कामा नये, म्हणाले. मी व्हिडिओ आवाजाच्या पुढे काढला, अर्ध्या तासापुरता. सर खूश झाले आणि मी फुशारले. तीन दहाला चंद्रभागाबाई नावाच्या आजींचा फोन आला. नवऱ्याच्या छातीत दुखत होतं. पत्ता तुटक आला, गाडी गल्ल्या शोधत राहिली. आजोबा गेले.

१५ जून
चौकशी झाली. त्याआधीच मी रांग बदलल्याची नोंद यंत्रातून पुसली होती. कादंबरीने नीट ऐकलं नाही असं ठरलं आणि तिला काढलं. जाताना ती मला म्हणाली, आम्रपाली, जेवत जा वेळेवर. मला वर बघवेना. लाज वाटते, तरी गप्प बसले.

१९ जून
तीन दहाला माझ्या हेडफोनमध्ये आजी. फक्त त्या दिवशी हरवलेले तुकडे — मागची गल्ली — पिठाच्या गिरणीवर — लवकर या. पाच दिवसांनी कसे येतील?

२१ जून
आज पत्ता पूर्ण झाला. मग आजी म्हणाल्या, माझं सांगून झालं, आता तू सांग.

२२ जून
सरांसमोर उभी राहून सगळं सांगितलं. ते म्हणाले, मधले शब्द गळतायत, काही कळत नाही. भाजीवालीशी बोलले तर सगळं स्वच्छ.

२३ जून
कसब्यात कादंबरीच्या घरी गेले. माझे ओठ हलत होते, आवाज — तिने मला पाणी दिलं. पुन्हा तेच, जेवत जा म्हणाली.

२४ जून
उशिरा पोचलेलं फेकायचं. माझाच नियम —
ही वहीच तिला देते. चौदा तारखेची अक्षरं फिकी पडतायत. अजून वाचता येतं. निघण्याआधी ठळक लिहिते —
कादंबरी, तू नीट ऐकलं होतंस. रांग बदलली ती —
पुढचा शब्द उमटलाच नाही. पुन्हा. रांग बदलली ती —