वरचं गाव, खालचं गाव

६ ऑक्टोबर

सोंद्रिओहून आत्ताच परतले. प्रांताच्या कचेरीतले साहेब नकाशावर बोट फिरवत म्हणाले, "सरपंचबाई, वर तुमचं रोवाल्ता, खाली मोंतेरिव्हा. खोरं एक, रस्ता एक. पंचायती दोन कशाला?"

मी तरी दुसरं काय सांगतेय! एक झालो तर शाळा टिकेल, बर्फ काढायचं यंत्र स्वतःचं होईल. आता कौल गावांचा, आणि होकार दोन्हीकडून हवा. साहेब म्हणाले, "खालच्यांची काळजी नको. अडतील ती तुमचीच माणसं."

९ ऑक्टोबर

अडलीच. गाउदेन्झिओकाका — आमच्या गावातली अख्खी वरची आळी यांच्या शब्दावर मत देते — भर चौकात म्हणाले, "एर्सिलिया, नवरा खालचा केलास, ते आम्ही पोटात घातलं. आता गावही त्यांच्या पदरात टाकतेस?"

सगळे हसले. नेव्हिओसुद्धा हसला. माझाच नवरा!

१४ ऑक्टोबर

पाऊस. तरी घरोघर फिरले. पाय गेले कामातून.

१८ ऑक्टोबर

काकांकडे गेले. आधी जेवायला बसवलं. पिझ्झोकेरी — जाड्या शेवया, कोबी, बटाटा, वर लोण्याचा नुसता पूर. मग काका म्हणाले, "खालचे आमच्यावर राज्य करतील."

मी म्हटलं, "काका, गेल्या हिवाळ्यात काकू आजारी, अँब्युलन्स वळणावर अडकलेली. बर्फ कोणी उपसला?"

काकांनी स्वतःला आणखी वाढून घेतलं. काकूच आतून म्हणाल्या, "खालच्यांनी. फावडी घेऊन आले होते बिचारे. तुम्ही त्यांना घोटभर वाइनसुद्धा विचारली नाहीत."

मग काका म्हणाले, "बरं. पण नावात रोवाल्ता आधी."

"आधी."

निघताना काकूंनी माझा हात जरा जास्तच दाबला.

२५ ऑक्टोबर

उद्या मतदान. आळीतले लोक आता मलाच समजावतात, एकत्र येण्यात कसा फायदा आहे ते! नेव्हिओ म्हणाला, "तुझी सरपंचकी जाणार. मग करशील काय?"

"तुझ्याशी भांडेन. इतके दिवस सवड कुठे होती?"

दुपारी दोघं अक्रोड वेचायला गेलो. ऊन छान पडलं होतं. बऱ्याच दिवसांनी डोक्यात काही नव्हतं.

२७ ऑक्टोबर

वरून होकार, भरघोस. खालून नकार. आम्हीच त्यांना नको असू, हे कोणाच्या मनातही आलं नव्हतं.

सकाळी काका दारात. म्हटलं, आता ऐकावं लागणार. त्यांनी टोपी काढली. "पोरी, कोट घाल. खाली जाऊ. या वेळी बोलेन मी."