फाटकावरची पांढरी चिंधी

नॉकनाबून, मेयो
१४ नोव्हेंबर, मंगळवार

लाडक्या विने,

तुला तुझ्या आईचे आणि तुझ्या लेकीचे आशीर्वाद. लेकीने आईला आशीर्वाद द्यायचे नसतात म्हणून फिलो पेन उचलून बसली होती. मी म्हटलं, लिही गं, हात तुझा असला तरी तोंड माझं आहे, आणि या तोंडाशी वाद घालून आजवर कुणी जिंकलेलं नाही. तुझा बापही नाही. तो तर दिवसभर पत्रा ठोकून बादल्या करायचा, त्याला आवाजाची सवय होती.

आम्ही दोघी मजेत आहोत. पाऊस आहे. नसता तर कळवलं असतं. तू पाठवलेला स्वेटर मिळाला. माझ्यासारख्या दोघी त्यात मावतील. लीड्समध्ये बाया एवढ्या मोठ्या असतात का? तुझी पाठ कशी आहे? तिथल्या त्या म्हाताऱ्यांना पलंगावरून उचलताना गुडघ्यात वाकत जा, कंबरेत नको. मीही म्हातारीच आहे, पण मला उचलायची वेळ अजून कुणावर आलेली नाही.

(आई, उचलावं लागतं. मागच्या आठवड्यात न्हाणीत घसरली. फार लागलं नाही. मी हे कंसात लिहितेय ते तिला कळायला नको. काय एवढं लिहितेस म्हणून विचारते, तेव्हा मी सांगते की विरामचिन्हं देतेय.)

ही पोर विरामचिन्हं फार देते. मी एक वाक्य बोलते, ही चार ओळी पेन चालवते. शाळेत हेच शिकवतात वाटतं.

गावातली बातमी म्हणजे अट्रॅक्टा हेनेगनच्या जुळ्यांची. या वर्षी शाळेच्या बसच्या जागांसाठी चिठ्ठ्या टाकल्या. एका जुळ्याचं नाव आलं, दुसऱ्याचं नाही. आता रोज सकाळी बस पुढे, बसमध्ये कॉनर. आणि बसच्या मागे अट्रॅक्टाची गाडी, गाडीत डेक्लन. दोघांची शाळा एक, वर्ग एक, बाक एक. कॉनर मागच्या खिडकीतून भावाला वाकुल्या दाखवतो. मी अट्रॅक्टाला म्हटलं, "अगं, दोघांची तोंडं सारखीच आहेत, एक दिवस याला बसव, एक दिवस त्याला." ती हसली नाही. हॉटेलातलं सकाळचं काम सुटलंय तिचं. गॉर्मलींनी तर शाळेजवळ दोन खोल्या भाड्याने घेतल्या. इथे त्यांच्या घराला कुलूप आहे. त्यांचा कुत्रा मात्र रोज बसच्या वेळेला चौकात जाऊन बसतो.

आणि हो, बस चालवणाऱ्या पॅकी लॉफ्टसला बसवरून उतरवलं. जूनमध्ये त्याला सत्तर पूर्ण झाले. सत्तर झाले की शाळेच्या बसला हात लावू देत नाहीत, असा नियम आहे. आदल्या दिवशीपर्यंत माणूस चांगला, दुसऱ्या दिवशी धोक्याचा.

तुझा शाळेचा पहिला दिवस आठवतो का गं? तुला कसा आठवणार, तू रडत होतीस. आपण तेव्हा खाणीच्या वळणावर उतरलो होतो. राहायचे दोन ट्रेलर, एक घोडा, आणि तुझा बाप, घोड्यापेक्षा हट्टी. बस चौकात थांबायची, पण पॅकीने ती थेट आपल्या चुलीपाशी आणून उभी केली. खाली उतरला आणि वेळ लिहिलेला कागद माझ्या हातात दिला. मी तो उलटा धरला असणार, कारण त्याने तो हळूच परत घेतला आणि म्हणाला, "कागद राहू द्या बाई. पोर येणार की नाही, ते मला लांबून कसं कळावं, तेवढं तुम्हीच सांगा."

मला आपल्या भटक्या लोकांचं, वाटेवरचं सुचलं. मी लहान असताना आमची पुढची गाडी चौकातून वळली, की माझी आई काटेरी झुडपाला चिंधी बांधून जायची. मागून येणाऱ्यांना कळायचं, आपली माणसं इकडे गेलीत. कुणी अडवून विचारायला नको, कुणी वाचायला नको. म्हणून मी पॅकीला म्हटलं, "लाल चिंधी दिसली तर थांब, पोर येतेय. पांढरी दिसली तर थांबू नकोस, पुढे जा."

"आणि काहीच नसलं तर?"

"तर समज, आम्ही उठून गेलो."

किती हसला होता. पण विने, आपण उठून गेलो नाही. तुझा बाप दर वसंतात घोड्याचे नाल बघायचा आणि म्हणायचा, "सिसी, रस्ते सुकलेत." मी म्हणायची, "पोरीची शाळा सुटू दे." शाळा सुटली की पुढची सुरू व्हायची. असं करता करता ट्रेलरची चाकं गवतात बुडाली, मग सरकारने हे घर दिलं, घराला फाटक आलं. मग चिंधी फाटकावर गेली. आपल्या सगळ्या गोतावळ्यात शेवटच्या परीक्षेपर्यंत शिकलेली तू पहिली. माझी शाळा म्हणजे फादरनी चर्चमधल्या पहिल्या ख्रिस्तप्रसादाआधी बसवलं होतं तेवढी, मागच्या बाकावर, तीही आमची गाडी निघेपर्यंत. मला त्याचं दुःख नाही हं. रस्त्यावरच्या संध्याकाळी तुम्हा लोकांना कळणार नाहीत. ओल्या लाकडाचा धूर, काळा चहा, आणि उद्या कुठे असू ते ठाऊक नाही. पण ते मला आठवायला बरं आहे. तुला तसं जगायला लावलं असतं, तर बरं झालं नसतं.

बसचं विचारशील तर, गंमतच झाली. सप्टेंबरात पहिल्या दिवशी मी नेहमीसारखी लाल चिंधी बांधली. फिलोला म्हटलं, सावकाश खा, तो थांबेल. ही टोस्ट खात बसली. बस आली तशी गेली. चिंधी हलली तेवढी, बसच्या वाऱ्याने. नवा ड्रायव्हर शहरातला, त्याला वाटलं असेल म्हातारीने धुणं वाळत घातलंय. दुसऱ्या दिवशी फिलो रस्त्यावर उभी राहिली. त्याने खिडकी उघडून सांगितलं, "माझ्याकडच्या नावांत तुझं नाव नाही गं. सगळ्या जागा भरल्यात." दर वर्षी पॅकी आपल्या टेबलाशी बसून, चहा पीत, फोनवर आपलं नाव घालायचा. यंदा त्याचंच काम सुटलं, मला वाटलं नाव आपोआप लागतं. आता म्हणतात ख्रिसमसपर्यंत जागा निघेल. तोवर फिलो जाते. कुणी ना कुणी नेतं. नीट जाते. तू काळजी करू नकोस.

(जात नाही, आई. आधी अट्रॅक्टाने नेलं, मग तिच्या गाडीत तिच्या बहिणीची मुलं आली. मग मी चालत गेले. फुटपाथ नाही, खाणीच्या ट्रकचा आरसा दप्तराला घासून गेला, तेव्हापासून आजी चालत जाऊ देत नाही. हॅलोविनपासून मी घरीच आहे. तसा मला शाळेचा कंटाळाच आला होता. मी केस कापायला शिकेन. तू मला न्यायला येऊ नकोस. तिला गोळ्यांच्या डब्यांवरचं वाचता येत नाही, मार्चमध्ये चुकीच्या घेतल्या होत्या. दाराशी कुणी कागद घेऊन आलं तर ती काय करेल? मी इथेच बरी आहे. खरंच.)

बास. एवढी विरामचिन्हं बिशपच्या पत्रालाही लागत नसतील. चहाला दूध नाही, फिलोला दुकानात पाठवते. उरलेलं आल्यावर.

*

विने, अक्षर बदललेलं दिसेल. हे पॅकी लॉफ्टसचं. दूध घरात आहे, भांडंभर. फिलोला बाहेर काढायचं होतं, कारण जे सांगायचंय ते तिच्याच हातून तिच्याच आईला कसं लिहून घ्यायचं? पॅकीची लेक आज घरी आलीय म्हणून तो तासभर सुटला. त्याची ऊना आता त्याला कधी नवरा म्हणते, कधी पोस्टमन. सकाळी तिला एकटं सोडता येत नाही, नाहीतर यानेच फिलोला शाळेत नेलं असतं. हे मी त्याला लिहायला लावलं. तो खोडत होता.

मी म्हटलं, "पॅकी, आधी वरचं वाचून दाखव. मी कुठवर आले होते ते कळू दे."

त्याने वाचलं. मध्येच थांबला. म्हणाला, "सिसी, कंसातलंही वाचू का?"

"कंस कसला?"

"दोन बाजूंनी वाकड्या रेघा असतात. मधलं बहुतेक तुमचं नसावं."

"माझ्या पत्रात माझं नाही ते कुणाचं?"

त्याने मग चष्मा पुसला आणि सगळं वाचलं. ट्रकचा आरसा, केस कापणं, गोळ्या, सगळं. न्हाणीसुद्धा. मी हसले गं. पोरीने माझ्या नाकासमोर बसून मला फसवलं, आणि माझ्याच पानावर. माझी नात शोभते. पॅकी मात्र हसला नाही. म्हणाला, "सिसी, हिचं डोकं फार चांगलं आहे. बसमध्ये माझ्या मागच्या सीटवर बसून मोठ्या वर्गाची गणितं सोडवायची."

"मला सांगतोस?" मी म्हटलं.

आता माझ्या विरामचिन्हांत ऐक.

तिला शाळेचा कंटाळा आलेला नाही. रोज सकाळी बसची वेळ झाली, की हातातलं टाकून ती खिडकीशी जाते. भांडी घासत असली तर हात तसेच ओले. बस जाते, तिचे दिवे जातात, ही वळणापर्यंत बघत राहते. मग माझ्याकडे वळून म्हणते, "आजी, अंडं उकडू का?" इतकी अंडी मी आयुष्यात खाल्ली नाहीत. हे मी तुझ्यापासून लपवलं, कारण तुला कळलं की तू तिला घेऊन जाशील. आणि तिने लपवलं, कारण तुला कळलं की तू तिला घेऊन जाशील. दोघी एकाच टेबलाशी बसून एकच गोष्ट लपवत होतो. पॅकी म्हणतो आता तरी हसा.

तर घेऊन जा, विने.

तुझ्या रस्त्यावर शाळा आहे, घरातून घंटा ऐकू येते असं तूच म्हणाली होतीस. तिथे बसची वाट बघावी लागणार नाही. ख्रिसमसची वाट बघू नकोस. तो गेला की ही म्हणेल ईस्टर होऊ दे. मला तो खेळ ठाऊक आहे, मी तो तुझ्या बापाशी जन्मभर खेळले, फक्त उलटा. फोन करून सांग की पाठ फार दुखतेय, घरात कुणीतरी हवं. दुसऱ्याचं काम आहे म्हटलं की ती उठते. स्वतःसाठी उठणार नाही.

माझ्या गोळ्यांचं मनाला लावून घेऊ नकोस. पॅकीने आत्ताच डब्यांवर चित्रं काढली. सकाळच्यावर सूर्य, संध्याकाळच्यावर चंद्र. सूर्य अंड्यासारखा दिसतो, पण चालेल. दारात कागद घेऊन कुणी आलं, तर पॅकी रस्त्यापलीकडेच आहे. न्हाणीत धरायला कडी लावून देतो म्हणाला. अट्रॅक्टा घरचा पाव आणून देते, सोडा फार घालते. मी एकटी राहणार नाही. एकटी राहिले तरी राहायला येतं मला. पॅकी, हे वाक्य खोडू नकोस.

एक अडचण आहे. तू कितीही पाठ दुखवून घेतलीस, तरी निघायच्या दिवशी ही हटून बसेल. माझ्याकडे बघेल, आणि मी जर काही बोलायला तोंड उघडलं, तर विने, माझा माझ्यावर भरवसा नाही. या तोंडाशी वाद घालून कुणी जिंकलेलं नाही, मीही नाही. थांब म्हणून जाईल.

म्हणून मी बोलणार नाही. लाल चिंधी मी काढून चुलीत घातली. तुझं विमान ज्या दिवशी नॉकला उतरेल, त्या दिवशी फाटकावर पांढरी बांधून ठेवते. पॅकी तुम्हाला विमानतळावर सोडेल, तासाभरासाठी त्याची लेक आईपाशी बसेल. फिलो बॅग घेऊन फाटकाशी येईल आणि तिला ती दिसेल. तिचा अर्थ तिला पाच वर्षांची असल्यापासून ठाऊक आहे. तू तिला काही समजावू नकोस, आणि मी खिडकीत दिसले नाही तर मला शोधू नकोस. मी चहा टाकत असेन.

फाटक वाजलं. फिलो आली. दुधाचे दोन डबे आता. पॅकी हे पान वरच्या पानांसोबत कोटात घालतोय, पोस्टात तोच टाकेल. वरची पानं तिचीच, तिच्या कंसांसकट, तशीच राहू दे.

तिच्या अंथरुणाला थंडी लागू देऊ नकोस. ती झोपेत पांघरूण लाथाडते, तुझ्यासारखीच.

वाट सोडून दिलेली पण वाटेवरचीच,
तुझी आई
सिसी

अक्षर पॅकीचं. खालची फुली मात्र माझ्या हातची आहे.

×