मामांचं धोतर कुठे गेलं, याची खरी हकिकत

पिंपळगाव राजा,
सोमवार, सकाळचा चहा झाल्यावर

तीर्थरूप पंजाबराव मामांच्या पायाशी, देऊळघाट मुक्कामी, भाचा प्रेमानंद याचा वाकून नमस्कार. मामीलेही सांगावा. इकडे मी आन् मंजुश्री दोघंही खुशाल आहो. तुमचा गुडघा काय म्हणते, गाय व्याली काय, मामीचा खोकला गेला काय, हे सारं कळवावं. (सोबतचं पुडकं हे पत्र संपल्याबिगर फोडू नये. मामीलेही फोडू देऊ नये. मी तुम्हा दोघांनाही चांगला ओळखतो.) पत्र शुद्ध भाषेत लिहाचं म्हणून बसलो होतो, पण तुमचं नाव लिहिलं की घरचीच बोली येते, त्याले मी काय करू.

परवा तुमच्या शेजारचा शेषराव बाजाराले आला होता. त्यानं चारचौघांत तुमचा निरोप दिला, की ज्या भाच्यानं भर गावात माझं धोतर सोडलं त्याच्या घरी यंदा माझा कापूस जाणार नाही. मामा, मी हे पत्र कापसासाठी लिहून नाही राह्यलो, हे आधीच सांगतो. शेत तुमचं, कापूस तुमचा. दरसाल पहिल्या वेचणीले तुम्ही शेतात दहीभाताचा निवद दाखवून सीतादही करता आन् तो पहिला कापूस मंजुश्रीले फुलवातीसाठी धाडता, ही तुमची माया. ती दुसऱ्या कापसाले हात लावत नाही, हा तिचा हट्ट. (एकदा दुकानातला आणला होता. वात अर्ध्यात विझली आन् खापर माझ्यावर फुटलं.) पुण्याच्या लोकांनी कार्तिकासाठी तिच्या वातींची चाळीस पाकिटं सांगून ठेवली आहेत आन् घरात मूठभरही कापूस नाही, म्हणून ती दोन दिवसांपासून माझ्याशी फक्त कामापुरतंच बोलते, हेही सोडून द्या. मले फक्त खरं काय झालं ते सांगाचं आहे.

आमची करिष्मा पुण्याले नोकरी करते, तिनं आईच्या वातीसाठी वेबसाइट सुरू करून दिली. बाकीचं मी करतो म्हणालो. तीस वर्षं कारकुनी केलेल्या माणसाले एक पान सजवणं काय जड आहे? पानभर हिरवंगार कापसाचं वावर, त्याच्यासमोर तुम्ही उभे, खाली लिहिलं की आमच्या वाती या माणसाच्या शेतातल्या कापसाच्या. कल्पना वाईट होती काय, तुम्हीच सांगा. फोटो काढाले मी आलो तेव्हा तुम्हाले निंबाखाली उभं राहा म्हटलं, बैलगाडीजवळ म्हटलं. तुम्ही म्हणाले, कालच चुना मारला, त्या भिंतीसमोरच काढ, नाहीतर चुना कायले मारला? भिंत पांढरी, धोतर पांढरं, सदरा पांढरा, टोपी पांढरी, मिशा पांढऱ्या. (मी दोष देऊन नाही राह्यलो, नुसतं नोंदवून ठेवतो.)

तो फोटो तसाच वावरावर बसवला, तर वावराच्या मधोमध पांढरा चौकोन आन् चौकोनात तुम्ही, तिकीटखिडकीतून डोकावल्यावानी. करिष्माले फोन केला. ती म्हणाली बाबा, हा जेपीजी फोटो, याले पारदर्शक काही ठेवताच येत नाही. मागची भिंत काढून टाका आन् पीएनजी करून ठेवा, मग तुमच्या मागून वावर दिसंल. आता हे तिनं आधी सांगितलं असतं तर? असो. मोबाईलवर भिंत काढाचं एक ॲप घेतलं. त्यात भिंत जाईल तिथं मागं राखाडी-पांढरा चौकडा. मले वाटलं त्यांनी फुकटात चौकड्याची चादर लावून दिली, म्हणून ती पुसाले एक अख्खी दुपार घालवली. पुन्हा फोन. तर म्हणे चौकडा म्हंजे तिथं काहीच नाही! अरे काहीच नाही तर काहीच दाखवू नका ना बाबा. काहीच नसलेलं दाखवाले इतक्या रेघोट्या मारणारी माणसं मी आजवर पाह्यली नव्हती.

त्याच ॲपात एक बटन सापडलं, पांढरा रंग पारदर्शक करा. मले लई आनंद झाला. दाबलं. भिंत गेली. तुम्ही ठसठशीत उभे, धोतर-टोपी-मिशा सगळं जागच्या जागी. ही गोष्ट मामीले नीट समजावून सांगा, कारण माझी सगळी अब्रू हिच्यात आहे: चौकड्याच्या रागानं मी त्या ॲपातला मागचा पडदा पांढरा करून ठेवला होता. पांढऱ्यावर पांढरं गेलं तरी दिसते कोणाले? मी फोटो वेबसाइटवर चढवला, सगळ्या नातेवाईकांच्या गटात धाडला, आन् भाकर-ठेचा खाऊन झोपलो.

पुढचं तुम्हाले शेषरावनं दाखवलंच. हिरव्या वावरात हवेत एक चेहरा, बिनमिशीचा. दोन हात, एकात काठी. खाली वहाणा. आन् मधात जिथं धोतर असाले पाहिजे तिथं कपाशीची झाडं, बोंडासकट. दीड दिवस तुम्ही तसे उभे होते, मामा. गटात लोकांनी हात जोडले. कोणीतरी तर विचारलं, मामा कधी गेले. मंजुश्रीनं ते वाचलं तेव्हा ती पोळ्या लाटून राह्यली होती आन् लाटणं तिच्या हातात होतं, एवढंच लिहितो.

मग मात्र मी हट्टाले पेटलो. फोटो एवढा मोठा केला की पडद्यावर नुसती तुमच्या टोपीची कड दिसे, आन् बोटानं कडेकडेनं भिंत खोडत गेलो. चार दुपारी लागल्या. टोपी एक दुपार, मिशा एक दुपार (केस न् केस, मामा, एकही तोडला नाही), धोतराले दोन. धोतराच्या कडेले मले एक गोष्ट दिसली, ती शेवटी सांगतो. तयार पीएनजी व्हॉट्सॲपवर करिष्माले धाडला, तर तिच्याकडे तुम्ही काळ्याकुट्ट अंधारात उभे. का, तर व्हॉट्सॲप फोटोले परत जेपीजी करून टाकते. फोटो म्हणून नाही, डॉक्युमेंट म्हणून धाडा. बरं. तसा धाडला. पोचला. तिनं तो पानावर चढवला, पण इतका जड की आमच्या गावच्या नेटवर टोपी दिसेपर्यंत चहा होई आन् वहाणा दिसेपर्यंत कप विसळून होत. शेवटी तिनं त्याचाच वेबपी केला. पारदर्शक तर पारदर्शक आन् वजनाले चौथाई. आता तुम्ही वावरात असे उभे आहात की आत्ताच वेचणी करून आल्यासारखे वाटता. मंजुश्रीनं पाह्यलं आन् पहिल्यांदा हसली. मलेही फार बरं वाटलं.

मोठ्यांले आशीर्वाद मागतो, लहान माझ्याहून तिकडे कोणी नाही.

तुमचाच,
प्रेमानंद

ता. क. शेषरावच्या फोनात अजून जुनाच फोटो दिसत असंल तर तो त्याच्या फोनानं जपून ठेवला आहे. पान दोन-चारदा नव्यानं उघडाले सांगा. नाहीच उघडलं तर निदान चौकात दाखवू नको म्हणा.

ता. क. दुसरा. वर कापसाबद्दल जे लिहिलं ते मोठेपणा म्हणून लिहिलं. कापूस पाहिजे, मामा. एक गाठोडं. चाळीस पाकिटं परत फिरवली तर मंजुश्री पुन्हा कोणाले तोंड दाखवणार नाही, आन् चूक तिची नाही, माझी आहे.

ता. क. तिसरा. कड खोडताना तुमच्या धोतराले डाव्या पायाजवळ रफू दिसलं. दोन जागी, बारीक टाक्याचं, मामीच्या हातचं. लहानपणापासून तुमच्या पाया पडतो, डोकं नेमकं तिथंच टेकतो, तरी कधी दिसलं नाही. फोटो इतका मोठा केला तेव्हा दिसलं. लाज वाटली मले. पहिला कापूस दरसाल आमच्या घरी, आन् तुम्ही रफूच्या धोतरात.

आता पुडकं फोडा. जोडी आहे. काठ गडद निळा घेतला. मंजुश्री मले म्हणाली, नुसतं पांढरं नको, तुमच्या हातात त्याचा भरवसा नाही. सीतादहीच्या दिवशी तेच नेसा. आम्ही दोघं येतो. मोबाईल घरी ठेवून येतो.