चौकोनी खवल्यांचा मासा

आबा, तुमचा दगडातला मासा सध्या लोणच्याच्या बरणीवर ठेवलाय. झाकण दाबायला त्याच्याइतकं जड घरात दुसरं काही नाही, माझ्या मुलाचं डोकं सोडलं तर. त्या डोक्यावरूनच तुमची आठवण झाली. मिशनच्या शाळेत तुम्ही गावभरच्या पोरांना शिकवलंत आणि मला दुसरीतून उठवून चुलीपुढे बसवलंत, तेव्हा अक्षराला नावं ठेवू नका.

चांद्याकडून तो दगड एका पाद्रीसाहेबानं आणला. असले मासे आता कुठल्याच पाण्यात उरले नाहीत म्हणे. साहेब म्हणाला, चौकोनी, जाड, चकाकते खवले, म्हणजे हा लेपिडोटस. तुम्हाला पटेना. तुम्ही म्हणायचात, असे खवले त्या काळी कितीतरी माशांना होते, खवले बघून सगळ्यांना एकाच नावात कोंबलंय. दात बघा, जबडा बघा, मग घराणं ठरवा. भाकरी थापता थापता मी हे इतक्यांदा ऐकलं की मलाही पाठ झालं. भाकरी गार होते आणि तुमचं भिंग काही डोळ्यावरून उतरत नाही.

आणि मग तो दिवस. कर्जतकडचे पाहुणे मला बघायला आलेत. मुलगा उपासनेला पेटी वाजवणारा, मला आवडलेला. तुम्ही मासा पुढे ठेवून, खवल्यांवर जाऊ नका म्हणून त्यांना केव्हाचं समजावताय. मी गूळपाणी घेऊन येते, तेवढ्यात तुम्ही विचारता, "बाप्तिस्म्याच्या आधी तुम्ही कोण होता?"

मुलाची आई उठली. "मास्तर, माशाची खवलं बघू नगा म्हन्ता आन् आमची बघता व्हय? चल रं."

गूळपाणी तसंच राहिलं. ख्रिस्ताच्या मंडळीत जातपात नसते असं दर रविवारी सांगणारे तुम्ही, मला एवढंच म्हणालात, "तुला नाही कळायचं." कळलं होतं, आबा. पुढे तुम्ही शोधलेल्या नवऱ्याशी मी नीट संसार केला, ती तक्रार नाही.

आता नातीला श्रीरामपूरचं स्थळ आलंय. पोरीला मुलगा पसंत आहे. काल पाहुणे ओसरीवर टेकले नाहीत तोच माझ्या मुलानं घसा खाकरला, "मूळचे आपण..."

मी बरणीवरचा दगड आणून त्याच्या मांडीवर ठेवला. "आधी हा कोण ते सांग. मग त्यांना विचार."

"आई, पाहुण्यांसमोर काय हे?"

"जड आहे ना? धरून बस."

तो धरून बसला आणि मी होकार देऊन टाकला. येत्या रविवारी चर्चमध्ये लग्न पुकारतील, कुणाची हरकत असेल तर उठून सांगा म्हणतील. तुम्हाला कबरीतून उठता येणार नाही, तेवढं बरं आहे.

हा कागद चुलीत जाईल, म्हणून सांगते. पाहुणे दारात पायताण काढत होते, तेव्हा तोच प्रश्न माझ्याही तोंडाशी आला होता. मुलगा आधी बोलला म्हणून वाचले.