माझंच रक्त, माझाच गुडघा

३ मार्च
डॉक्टर म्हणाले, "पडलात त्यात गुडघ्याचं लिगामेंट अर्धवट फाटलंय. ऑपरेशन लगेच नको. तुमचंच थोडं रक्त काढू, मशीनमध्ये फिरवू, त्यातला कामाचा भाग परत गुडघ्यात टोचू." नक्की बरं होईल? "खात्री देत नाही. बऱ्याच जणांना गुण येतो." सरळ माणूस!
पोस्टातले साहेबही सरळच. दोन महिन्यांत चालता आलं नाही, तर माझे रस्ते दुसऱ्याला आणि मी टपाल निवडायच्या टेबलावर. बावीस वर्षं पायी टपाल वाटतेय. खुर्चीवर बसून मी आठवड्यात आंबेन.

५ मार्च
दारात ताई! तीन वर्षांनी. आईच्या आजारपणात कुणी किती केलं, यावरून बोलणं तुटलं होतं. भाच्याला माझं पडणं कळलं होतं, त्यानेच सांगितलं असणार. "आठ दिवस राहीन, चिमणे. भांडायचं असेल तर नवव्या दिवशी," म्हणाली आणि थेट स्वयंपाकघरात शिरली.

७ मार्च
टोचलं. दंडातून नळीभर रक्त घेतलं, मशीन पंधरा मिनिटं घरघरत राहिलं. बाहेर आली ती नळी वेगळीच — खाली लाल, वर पिवळसर पाणी. त्या पिवळ्यातच दुरुस्तीचा माल म्हणे. ताई नळीकडे बघत नर्सला म्हणाली, "हिच्या रक्तात हट्ट फार आहे, तेवढा गाळून घ्या." नर्स इतकी हसली की सुई थांबवावी लागली.

८ मार्च
ठणका. सूज उतरवायच्या गोळ्या बंद, त्यांनी इंजेक्शनचं काम बिघडतं म्हणे. दात-ओठ खात पडून आहे.

१३ मार्च
नववा दिवस. भांडलो. मी खाटेवर पाय उचलून दहा मोजतेय, ताई समोर बसून सगळं काढतेय — आईला अंघोळ कुणी घातली, दवाखान्यात कोण बसलं. मीही सोडलं नाही. मग माझ्या पायाकडे बघितलं. म्हणाली, "तू टपाल वाटून यायचीस तेव्हा पाय सुजलेले असायचे तुझे. मला दिसत होतं. बोलले नाही, एवढंच."
मोजणी चुकली. पाय सतरा वेळा उचलला गेला. दोघी रडलो, मग सतरावर हसलो.
ती जायचं काही बोलली नाही. मीही विचारलं नाही.

२ एप्रिल
काठीशिवाय कोपऱ्यावरच्या दुकानापर्यंत! येताना ताईच दमली.

२९ एप्रिल
डॉक्टरांनी गुडघा वाकवला, फिरवला. "जा कामावर. जिने सावकाश." इंजेक्शनचा गुण की ताईने करवून घेतलेल्या व्यायामाचा, विचारलं. "दोन्हींचा. वाटून घ्या," म्हणाले.

२ मे
पिशवी खांद्यावर, माझेच रस्ते. चौथ्या मजल्यावरच्या निवृत्त शिक्षिकाबाई दार उघडून बघतच राहिल्या. "बदलीवाला माझी पत्रं खालीच टाकून जायचा हो. तुम्ही वर आलात!" आले. चार मजले. गुडघा कुरकुरला, पण दुखला नाही. उतरताना कठड्याला हात न लावता उतरले. जिन्यात कुणी नव्हतं, म्हणून थोडं गुणगुणलेसुद्धा.

४ मे
ताईने सकाळी तिच्या भाड्याच्या खोलीच्या मालकाला फोन करून सांगितलं, खोली सोडतेय. मला एका शब्दाने न विचारता. मी एवढंच विचारलं, मागच्या खोलीला रंग कोणता देऊ.